अभावाचा पाषाण

वैशाखात, पाणी आटून नदीची काळी पाषाणमय बैठक उघडी पडते त्या दिवसांत, शिरूरहून टाकळी हाजीच्या अंगाने कुकडीच्या पात्रात उतरावे, म्हणजे अलीकडचा काठ आणि पारनेर तालुक्यातील निघोजचा पलीकडचा काठ यांच्या मधोमध ते विलक्षण रांजणखळगे दृष्टीस पडतात. भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी सहस्रावधी पावसाळे कातळ घुसळला, आणि त्या घुसळण्यातून ही कुंडे निर्माण झाली. पंचक्रोशीतील लोक मळगंगेच्या नावाने त्यांना हात जोडतात. माझ्या वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी आजोबा मला तेथे घेऊन गेले होते. पाठशाळेत न्याय शिकलेले ते गृहस्थ, कातळाच्या काठाशी मला बसवून त्यांनी विचारले, "बाळ, इथे तुला काय दिसते?" मी म्हटले, "खळगा दिसतो, आजोबा." त्यावर ते म्हणाले, "दगड दिसतो हे मला कबूल आहे. पण खळगा म्हणजे जेथे दगड नाही ती जागा. जे नाही ते तुला दिसले कसे?" मला उत्तर सुचले नाही. आजोबांनीही ते दिले नाही. शिदोरी सोडून भाकरी खाऊ लागले.

त्या प्रश्नाने पुढे आयुष्यभर माझी पाठ सोडली नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाचा पहिलाच पाठ द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव असे सात पदार्थ सांगतो. परंतु वैशेषिक आचार्य प्रशस्तपादाने मोजलेले पदार्थ सहाच होते आणि सातवा अभाव हा शिवादित्यादी उत्तरकालीन आचार्यांनी त्या पंक्तीत बसविला, हे ध्यानात घेतले म्हणजे या सातव्या पाहुण्याविषयी घरातच मतभेद असणार, हे उघड होते. नैयायिक म्हणतो, भुईवर घट नाही हे मला डोळ्यांनीच कळते. तेव्हा घटाचा अभाव हा भुईच्या ठिकाणी खराखुरा आहे. मीमांसक कुमारिलाच्या अनुयायांना अभाव मान्य, पण तो डोळ्यांनी कळतो हे मान्य नाही. त्यासाठी अनुपलब्धी नावाचे स्वतंत्र प्रमाण त्यांनी मानले. दुसरा मीमांसक प्रभाकर, त्याच्या पक्षाने तर सगळी वहिवाटच मोडून काढली: घटाचा अभाव म्हणून काही वेगळे नाही, केवळ भुई आहे, आणि ती एकटी दिसते इतकेच. नुसते न दिसणे पुरेसे नसते, याचीही या मंडळींना पक्की जाणीव होती. पाण्यात विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते नाही असे म्हणता येत नाही. छांदोग्यातील श्वेतकेतूला पित्याने ते जिभेने चाखावयास लावले. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे अभावाची साक्ष देऊ शकते.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहावे. अंधार ही वस्तू आहे की तेजाचा अभाव? अज्ञान हे एक आवरण आहे की ज्ञानाचे नसणे? मनुष्याच्या हातून जे वाईट घडते त्यामागे कोणी असुर आहे, की जे असावयास हवे होते ते तेथे नव्हते इतकेच? या प्रश्नांची उत्तरे कशी द्यावयाची यावर मनुष्याची उपासना अवलंबून राहते. कारण असुर असेल तर त्याचा वध करावा लागेल, आणि नुसते उणे असेल तर ते भरून काढावे लागेल.

मला या वादाची साक्ष अनपेक्षित दप्तरात सापडली: ते दप्तर अग्निजन्य खडकांचे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची भुई ज्या खडकाची घडलेली आहे तो दख्खनचा बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर पडले, आणि आज उरलेला त्यांचा विस्तारही पाच लक्ष चौरस किलोमीटरांच्या घरात जातो. दौंडकडे विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग गारगोट्यांच्या ठिपक्यांचा मांजऱ्या, कोठे दोन थरांच्या मध्ये भाजलेल्या विटेसारखा तांबडा पट्टा, आणि शेवटी सुरुंगाशिवाय दाद न देणारा काळा पाषाण असा क्रम लागतो, तो याच लाव्हापुरांचा. या काळ्या पाषाणात शेकडा 49च्या आसपास सिलिका असते, आणि सोडा व पोटॅश हे दोन्ही अल्क मिळून शेकडा तीनच्या आगेमागे. अल्कांची मागणी बेताची असल्यामुळे सर्व खनिजांची भूक भागून थोडीशी सिलिका बहुधा शिल्लकही राहते. हा खडक, संसाराच्या भाषेत सांगावयाचे तर, जमाखर्च जुळलेला खडक आहे.

आता त्याच्या शेजारी नेफेलीन सायनाइट नावाचा फिकट करडा खडक ठेवू. हा अल्कधर्मी अग्निजन्य खडकांपैकी प्रमुख. त्यात सोडा शेकडा आठच्या आसपास, पोटॅश पाचाच्या वर, म्हणजे दोन्ही मिळून चौदाच्या घरात; आणि सिलिका शेकडा 55च्या आसपास. वाचकाने येथे थोडे थांबावे. सिलिका बेसाल्टपेक्षा अधिक आहे, शेकडा पाच-सहांनी अधिक आहे. आणि तरीही भूवैज्ञानिक बेसाल्टला तृप्त म्हणतात व या खडकाला सिलिकान्यून म्हणतात. स्कॉटिश भूवैज्ञानिक शँड याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकांची वर्गवारीच या तृप्तीच्या व न्यूनतेच्या पायावर मांडली. ज्याच्यापाशी जास्त आहे तोच उणा, हे कसे?

उत्तर खनिजांच्या घडणीत आहे. सोडियम आणि ॲल्युमिनियम यांच्या एका जोडीला सिलिकेचे तीन वाटे मिळाले म्हणजे आल्बाइट नावाचा फेल्स्पार बनतो. तीन मिळण्याजोगी सिलिका नसेल आणि एकच वाटा पदरी पडला, तर त्याच जोडीतून नेफेलीन बनते. पोटॅशियमच्या जोडीला तीन वाट्यांऐवजी दोनच मिळाले तर ल्यूसाइट. या सायनाइटात अल्क इतके असतात की शेकडा 55 सिलिकाही त्यांना पुरत नाही. मग शिलारस निवताना आहे तेवढ्यात भागविणारी ही खनिजे जन्माला येतात. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नेफेलीन आणि गार ही दोन एका शिलारसातून एकत्र निपजत नाहीत; गार बनण्याइतकी सिलिका मोकळी असती तर नेफेलीनने ती उचलून फेल्स्पारचे रूप घेतले असते. खडकात नेफेलीनचा कण सापडणे म्हणजे त्या शिलारसात मोकळी सिलिका नव्हती याचा, सरकारी कचेरीच्या भाषेत म्हणावयाचे तर, शिक्क्यासह दाखला होय. नेफेलीन हे नाव 1801 साली फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आयुई याने मेघवाचक ग्रीक शब्दावरून दिले, कारण या खनिजाचा स्वच्छ तुकडा तीव्र आम्लात टाकला की ढगासारखा गढूळ होतो. एका प्रयोगशाळेत मी हे स्वतः पाहिले आहे: नखाएवढा तुकडा, काचेसारखा आरपार, पाहता पाहता त्याच्या कडांवर धुके चढले आणि हळूहळू आत शिरले. त्या क्षणी मला आजोबांचा प्रश्न आठवला. मी त्या कणाच्या रूपाने काही पाहत होतो; पण त्याबरोबरच जे तेथे नव्हते तेही पाहत होतो.

प्रभाकराचा अनुयायी येथे आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाही. तो म्हणेल: अभावाने येथे काहीही केलेले नाही, जे केले ते अल्कांनी, ॲल्युमिनाने आणि होत्या तेवढ्या सिलिकेने केले. सोडियम अधिक होते असे सरळ म्हणा. उणे होते असे म्हणून एक नवा पदार्थ कशाला उभा करता? याला माझे उत्तर नैयायिकांच्याच एका शब्दात आहे, तो शब्द प्रतियोगी. प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो; ज्याचा असतो तो त्याचा प्रतियोगी. नुसती सिलिका मोजून, शेकडा 49 की 55 हे पाहून, कोणालाही न्यूनता सांगता येणार नाही; ती न्यूनता समजण्यासाठी तेथे जमलेल्यांची मागणी मोजावी लागते. न्यूनता एकट्या सिलिकेत नाही, एकट्या सोड्यातही नाही, ती त्या दोहोंच्या नात्यात आहे. आणि नाते ही कल्पना नव्हे; त्याच नात्याने ठरविले की या खडकात फेल्स्पार किती आणि नेफेलीन किती.

तमिळनाडूत कांगेयमजवळ शिवमलै नावाची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर सुब्रह्मण्याचे देऊळ आहे, आणि टेकडी नेफेलीनयुक्त सायनाइटाची आहे. हॉलंड या भूवैज्ञानिकाने 1901 साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेथे त्याच सायनाइटांच्या परिवारात कुरुंद सापडतो. कुरुंद म्हणजे निव्वळ ॲल्युमिना. धार लावणाऱ्याच्या चाकावरचा करकरीत कुरुंद आणि राजमुकुटातले माणिक हे एकाच जातीचे. सिलिका मुबलक असती तर हे ॲल्युमिना फेल्स्पारच्या संसारात केव्हाच अडकून गेले असते. ज्या कठीण दगडावर आपल्या घरातील विळी-कोयत्यांना धार लागते, तो उणेपणातून मोकळा राहिलेला दगड आहे.

मराठी माणसाला याहून जवळचा डोंगर गिरनारचा. दत्तात्रेयाच्या पादुकांसाठी आपल्याकडची कितीतरी माणसे त्या डोंगराच्या सहस्रावधी पायऱ्या गुडघे धरून चढतात. तो डोंगर दख्खनच्या लाव्हाथरांना उचलून वर आलेल्या शिलारसाचा आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या माथुर, दुबे आणि शर्मा यांनी 1926 साली त्याच्या खडकांचा अभ्यास मांडला. तेथे एकीकडे गारयुक्त खडक आहेत, तर दुसरीकडे नेफेलीनयुक्त सायनाइट आहे. सिलिका उरलेला आणि सिलिका न पुरलेला असे दोन्ही खडक एकाच तीर्थाच्या पोटात आहेत. हे कसे घडू शकते याचा उलगडा अमेरिकेतील बोवेन याच्या भट्टीतील प्रयोगांनी झाला: शिलारस निवत असताना फेल्स्पारच्या रचनेची एक धार मध्ये उभी असते, आणि त्या धारेच्या अलीकडे पडलेला रस अधिकाधिक गारेकडे, तर पलीकडे पडलेला रस अधिकाधिक नेफेलीनकडे घरंगळत जातो. भीमाशंकरच्या कड्यावर पावसाचा एक थेंब पूर्वेकडे पडला तर तो भीमेतून, दौंडच्या पुलाखालून, शेवटी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो, आणि हातभर पश्चिमेला पडलेला कोकणात उतरतो, तसेच हे. आरंभी दोन्ही रसांत भेद अगदी अल्प असतो.

अल्कधर्मी रस होतो कसा, याचे एक कारण सांगून ठेवले पाहिजे. पृथ्वीच्या प्रावरणाचा अल्पसा अंश खोलवर वितळला, तर अल्क घाईने त्या थोड्याशा रसात उतरतात आणि रस अल्कसंपन्न होतो. वितळणे मोठ्या प्रमाणावर झाले तर तेच अल्क पुष्कळ रसात विरळ होतात. शिरूर-दौंडचा बेसाल्ट दुसऱ्या प्रकारचा. पहिल्या प्रकारचे नमुने दख्खनच्या कडेकडेने मिळतात: मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरील भित्ती, कच्छ, नर्मदेच्या उत्तरेचा अंबाडोंगर, जेथे 1963 साली चक्क कार्बोनेटांचा अग्निजन्य खडक ओळखला गेला. आणि अखेरच्या टोकाला टांझानियातील ओल डोइन्यो लेंगाई, मसाई लोकांचा देवाचा पर्वत. त्याच्या लाव्हात सिलिका जवळजवळ नाहीच, तो सोडियमच्या कार्बोनेटाचा, बेसाल्टच्या निम्म्या उष्णतेवर वाहणारा, काळा, आणि हवेतील ओलाव्याने काही तासांत-दिवसांत पांढरा पडणारा. ज्यांनी त्या पर्वताला देवाचे नाव दिले त्यांना सिलिका ठाऊक नव्हती. आपला हा डोंगर इतर डोंगरांसारखा नाही एवढे मात्र त्यांना नक्कीच ठाऊक होते.

आता खडकाकडून माणसाकडे यावे. ज्या मुलखात वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, तेथे अभाव हा पाठशाळेतला विषय राहत नाही. आमच्याकडे दुष्काळ कचेरीत ठरत असे तो आणेवारीने: सोळा आणे पूर्ण पीक धरावयाचे आणि गावचे पीक त्यात किती आणे उतरले हे पाहावयाचे. म्हणजे सरकारनेही उणे मोजले ते अपेक्षेच्या मापाने. रानात किती कणसे उभी आहेत एवढे पाहून दुष्काळ ठरत नाही, किती असावयास हवी होती हे आधी ठरावे लागते. आणि कर्ज? 1874च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे रयतेने सावकारावर बहिष्कार घातला, आणि 12 मे 1875 रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी लोकांनी सावकारांच्या घरांतून खते-रोखे बाहेर ओढून जाळले. ती आग मग पुन्हा शिरूरच्या गावांत पोचली. अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळलेले, सारा वाढलेला, आणि रयतेच्या घरात पैसा नाही. हे पैशाचे नसणे आपले आपण निमूट राहिले असते तर ते केवळ दारिद्र्य होते. परंतु ते कागदावर उतरले, त्याला रक्कम, व्याज आणि मुदत मिळाली, आणि त्या नसण्याने माणसाची जमीन, बैल, भांडी उचलून नेली. अभाव काही करीत नाही असे म्हणणाऱ्याने सुप्याच्या बाजारात जळणाऱ्या त्या कागदांसमोर उभे राहून ते म्हणावे. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, म्हणजे सरकारलाही त्या नसण्याची दखल घ्यावी लागली.

तथापि याच ठिकाणी मला स्वतःलाही सावध व्हावे लागते. अभाव बलवान आहे असे म्हणता म्हणता मनुष्य त्याला देह देतो, नाव देतो, आणि मग त्याचा असुर होतो. बुलढाण्यातील लोणारच्या सरोवराची कथा सर्वांना माहीत आहे: लवणासुर नावाचा दैत्य माजला आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. सरोवर क्षारयुक्त आहे, काठचा खडक मात्र आपल्याच जातीचा बेसाल्ट, अल्कांनी गरीब. पाणी आत येण्याला वाटा आहेत, बाहेर जाण्याला नाही, म्हणून दगडातून पाझरलेला थोडाथोडा सोडा युगानुयुगे तेथेच साठून राहिला. कथाकाराने क्षार पाहिला आणि त्याचा असुर केला. जे खरे उणे होते, ते बाहेर जाण्याच्या वाटेचे.

हेच मी आमच्या काकांच्या शेतात, दौंडच्या पूर्वेस भीमेकाठी, हाताच्या अंतरावरून पाहिले. कालव्याचे पाणी आल्यावर काकांनी बाजरी सोडून ऊस धरला, पहिली काही वर्षे बरी गेली, आणि मग रानाचा सखल तुकडा चोपण पडला. बेसाल्टातील फेल्स्पार कुजताना चुना आणि सोडा दोन्ही सुटतात. पाणी वर चढून उन्हाने आटू लागले की चुना आधी चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने खाली बसतो आणि सोडा मागे उरतो, आणि तो मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांना असे फुगवितो व सुटे करितो की मातीतील सगळी रंध्रे बुजून जातात. शेजारच्या नीरेच्या खोऱ्यातील अशाच क्षारपड जमिनींचा अभ्यास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी 1910 साली प्रसिद्ध केला होता. मी गेलो त्या दिवशी पहाटे रानावर मिठासारखी पांढरी पापुद्री आलेली होती. सरीत पाणी तुंबलेले, आठ दिवसांपूर्वी दिलेले, तसेच उभे. वर आकाश स्वच्छ दिसत होते. काकांनी वरंब्यावर कुदळ मारली. वीतभर खाली ढेकूळ निघाले ते कोरडे, फोडले तर आतून धुरळा. "बघ," ते म्हणाले, "पाणी वर आहे, खाली पोचतच नाही. मुळं पाण्यात उभी आहेत आणि तहानेनं मरतायत."

तेथे मला आजोबांच्या प्रश्नाची दुसरी बाजू समजली. त्या रानात पाणी होते. माती होती, नको इतका सोडाही होता. जे नव्हते ती पोकळी: मातीच्या कणांमधली ती रिकामी जागा, जिच्यातून पाणी उतरते आणि वारा खेळतो. अभावाचा अभाव म्हणजे भाव, असे नैयायिक सांगतात. पण येथे पोकळी नाहीशी होऊन तिची जागा ज्या भरीवपणाने घेतली होती तो भरीवपणाच पिकाच्या जिवावर उठला होता. ज्याला मी आजवर केवळ नसणे म्हणत आलो, ते नसणेही कोठे कोठे असावे लागते.

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाचे सबंध सातवे प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला वाहिले आहे. अज्ञान नावाची काही भावरूप सत्ता मानणाऱ्यांना त्यांनी तेथे एकामागून एक निरुत्तर केले. ते प्रकरण मी जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मला असे वाटले की येथे कोणी शत्रूचा वध चाललेला नाही, एक बंद दार शांतपणे उघडले जात आहे. अज्ञानाला देह नाही हे त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. तथापि ज्या माणसाच्या दारी ते आहे, त्याला ते देहवान वाटते हेही मी करड्याच्या, सुप्याच्या, आणि काकांच्या रानाच्या साक्षीने नाकारू शकत नाही. अभाव हा सातवा स्वतंत्र पदार्थ आहे असे मी आता म्हणणार नाही. प्रभाकराप्रमाणे तो केवळ उघडी भुई आहे असेही म्हणणार नाही. तो ज्याचा अभाव आहे त्याच्याशी आणि ज्याला उणा पडतो त्याच्याशी बांधलेला आहे, आणि ती गाठ खरी आहे. तिच्यातूनच नेफेलीनचा कण बनतो, कुरुंद मोकळा राहतो, आणि ती गाठ सुटली की अभावाचे बळही सरते. म्हणून मला देवाकडे दैत्याच्या वधाची प्रार्थना करावीशी वाटत नाही. वाट मोकळी व्हावी एवढेच मागावेसे वाटते, आणि तिच्यासाठी कुदळ आपल्या हाती असते.

काकांनी तीच घेतली. त्यांनी शेताच्या उतारावर पुरुषभर खोलीचे चर खणून ते ओढ्याला मिळविले, कातळ लागला तेथे सुरुंग लावून घेतला, पहिल्या पावसाआधी जिप्सम पसरले म्हणजे त्यातील चुना सोड्याची जागा घेईल, आणि ताग पेरून फुलोऱ्यात येण्याआधी गाडला. दोन वर्षे त्या तुकड्यात पैशाचे पीक निघाले नाही, आणि घरात त्यावरून बोलणी झाली. तिसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस चांगला पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे चिखल तुडवीत ओढ्याकडे गेलो. सरीत पाणी उभे नव्हते. चराच्या तोंडाशी, करंगळीएवढी, किंचित पिवळट धार लागलेली होती आणि ओढ्याच्या काळ्या दगडांवरून खाली जात होती. काका वाकले, त्यांनी त्या धारेत बोट बुडवून जिभेला लावले, बाजूला थुंकले आणि म्हणाले, "खारट आहे. निघतंय."